करंजाखालचा नियम

बाळकुम, ठाणे
१७ नोव्हेंबर २०२५

ती. नामादादास,

हेमांगीचा साष्टांग नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू पत्र बाजूला ठेवलं असशील, तर दिपिकाला वाचून दाखवायला सांग. नातीला नाही म्हणायची तुझी हिंमत व्हायची नाही. वर 'तीर्थरूप' लिहिलंय आणि खाली अरे-तुरे करणार आहे, ते चालवून घे. मालूवहिनीची साखर कशी आहे? खडवलीला थंडी पडली असेल. तुझ्या गुडघ्यांचं मला अलीकडेच कळलं. कसं कळलं ते पुढे सांगते.

इकडे सगळं ठीक आहे. एप्रिलमध्ये नौपाड्याच्या शाळेतून निवृत्त झाले. निरोपाला मुलींनी मोठाली भाषणं केली, एकीने तर 'कडक पण प्रेमळ' म्हटलं, त्यातलं पहिलं खरं होतं. सहदेव गेले तेव्हा तू दारापर्यंत येऊन परत गेलास, हे मला लेकीने, ऐश्वर्याने, त्याच दिवशी सांगितलं होतं. मी उठून बाहेर आले नाही. तेव्हाही जमिनीचा राग धरून होते.

आता मी कुठे राहते ते ऐक आणि हसायचं असेल तर हस. जानेवारीपासून मी ऐश्वर्याच्या नव्या फ्लॅटमध्ये असते, बाळकुमला, आपल्याच खारजमिनीवर उभ्या राहिलेल्या कॉम्प्लेक्समध्ये. ज्या जागेच्या कागदावर तू सही केलीस म्हणून अकरा वर्षं मी तुझ्याशी बोलले नाही, त्याच जागेवर मी लिफ्टने वर-खाली करते. पोरीने घर घेतलं, मी काय म्हणणार होते? पण नाही म्हटलं नाही, हेही खरं. गॅलरीतून खाडी दिसते आणि खाडीच्या अलीकडे तो हिरवा पट्टा. गोल्फ. नऊ होल आहेत, लहानसं मैदान.

दिवाळी झाल्यावर ऐश्वर्याने मला तिथे शिकायला घातलं. "आई, तू दिवसभर सगळ्यांच्या चुका काढत बसतेस, जरा स्वतः काहीतरी चूक," असं म्हणाली. कार्टी! अठ्ठावन्नाव्या वर्षी मी पायात बूट घालून, हातात काठी घेऊन, जमिनीवरच्या सुपारीएवढ्या चेंडूकडे बघत उभी. शिकवणारा यज्ञेश डोंबिवलीचा, पस्तिशीचा, फार सोशिक. पहिले चार दिवस माझी काठी चेंडूला लागलीच नाही. पाचव्या दिवशी गवताचा पोळीएवढा तुकडा उडाला आणि चेंडू तिथेच. "काकू, चेंडूकडे बघा, माझ्याकडे नको," हे तो दिवसातून वीस वेळा म्हणायचा. मी आयुष्यभर पोरांना फळ्याकडे बघायला सांगितलं, त्याची फेड असावी.

सातव्या दिवशी मात्र काठी बरोबर बसली. कंबर वळली, खांदा मागून आला, फटका बसला, आणि माझ्या हातातून काठीच सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली. चेंडूपेक्षा लांब गेली. शेजारी शिकणारी सोनल किंचाळली.

यज्ञेश म्हणाला, "काकू, क्लब सोडायचा नाही! शेवटी बोटं का उघडता तुम्ही?"

मला खरंच माहीत नव्हतं. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. आणि मग कळलं, दादा. पाग. बाबांनी आपल्या दोघांना खाडीत गुडघाभर पाण्यात उभं करून शिकवलं होतं ना, जाळं कोपरावर घ्यायचं, कंबरेतून वळायचं आणि ऐनवेळी बोटं उघडायची, म्हणजे पाग गोल उघडून पडतो. मुलीला कोण शिकवतं, म्हणून गाव हसायचं. पन्नास वर्षांत मी पागाला हात लावला नाही, पण अंगाला आठवत होतं. मला इतकं हसू आलं की मी गवतावर बसलेच.

यज्ञेश हसला नाही. म्हणाला, "कमाल आहे. सेम टू सेम असं करणारा मी एकच माणूस बघितलाय. आमच्याकडे गवत कापायला काका होते, नामाकाका. सकाळी कोणी नसताना कधी मधी फटका मारायचे. डावा पाय असाच मागे, आणि शेवटी काठी भिरकावायचे. आठ वर्षं होते. खडवलीहून यायचे रोज. गेल्या वर्षीच्या नवरात्रात गुडघ्यांनी दगा दिला म्हणून सोडलं."

माझं हसू जागच्या जागी थांबलं. मी त्याला सांगितलं नाही की तो माझा भाऊ. सासरचं आडनाव वेगळं, त्याला कळायचं कारण नाही. घरी आले आणि दोन दिवस मैदानाकडे फिरकले नाही. मला धक्का बसला होता, पण त्याहून जास्त राग आला होता. जमीन स्वतःच्या हाताने दिली आणि त्याच जमिनीचं गवत कापायला आठ वर्षं खडवलीहून आला? लाज कशी वाटली नाही? असंच वाटलं मला. जसं वाटलं तसं लिहितेय, आता पदराआड ठेवून काय करू.

त्या रागात मी एक गोष्ट केली.

इथे खेळणाऱ्यांची कमिटी आहे, तिचा सेक्रेटरी प्रीतम. तिसऱ्या होलच्या वाटेत एक करंजाचं झाड आहे, सगळ्यांचे चेंडू तिथे अडतात. ते काढायचा अर्ज महापालिकेला द्यायचा होता आणि प्रीतमला धड मराठी लिहिता येत नाही. "इतकी वर्षं तो नामाकाका हात लावू देत नव्हता," तो म्हणाला, "हटवादी म्हातारा. आता तो नाही, तर करून टाकू. काकू, तुम्ही टीचर ना, लिहून देता?"

दिला लिहून. 'सदर वृक्ष खेळास अडथळा ठरत असून त्याचे कोणतेही विशेष महत्त्व नाही.' हे वाक्य माझं आहे. सुवाच्य अक्षर, समास सोडून. खाली पहिली सही माझी. तुझा हट्ट मोडायला मिळाला म्हणून मला बरं वाटलं होतं, दादा. मी ते झाड तेव्हा जवळून पाहिलंही नव्हतं.

परवा शनिवारी यज्ञेशने मला पहिल्यांदा खऱ्या मैदानात नेलं. तिसऱ्या होलला माझा चेंडू अर्थातच उजवीकडे भरकटला आणि करंजाखाली जाऊन पडला. मी काठी घेऊन निघाले. झाडाभोवती हातभर अंतरावर दगडांचं गोल रिंगण आहे. मी पाय टाकणार तेवढ्यात यज्ञेश ओरडला, "काकू, थांबा! इथून फटका मारायचा नाही."

मी म्हटलं, "का? दंड आहे?"

"दंड नाही. चेंडू हाताने उचलायचा, रिंगणाबाहेर ठेवायचा, आणि पुढे खेळायचं. उचलायला जाताना बूट काढायचे. इथला नियम आहे. नामाकाकांचा."

"देव आहे का कुठला?"

"देव नाही. शेंदूर-बिंदूर काही लावू द्यायचे नाहीत ते. मी जॉइन झालो तेव्हा मला म्हणाले, 'पोरा, जागा दिली, झार नाय दिला. खाली ल्हान पोर निजलंय. ठोकाठोकी करू नका.' आम्ही पण मग तेच सांगत आलो सगळ्यांना. दरवर्षी नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी काका सुट्टी टाकायचे. पण घरी नाही थांबायचे. इथे येऊन दिवसभर झाडाखाली बसायचे."

दादा, मी उभी होते तशीच उभी राहिले. यज्ञेश पाण्याची बाटली पुढे करत होता आणि मला ती कशी धरायची हे समजत नव्हतं.

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, एकतीस वर्षांपूर्वी, तू माझ्या मांडीवरून तिला उचललं होतंस. नऊ दिवसांची होती. पाचवी पुजून झाली होती, बारसं व्हायचं होतं. कोळीवाड्यात सगळ्या होड्यांना पताका लावलेल्या होत्या. आईने मला आतल्या खोलीत धरून ठेवलं होतं, बायकांनी जायचं नसतं म्हणून. सहदेव बाप, त्यांचे पाय उचलेनात, तेव्हा तूच म्हणालास, "माझ्याकडे द्या." आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून तू घेऊन गेलास आणि अंधार पडल्यावर हात धुऊन आलास. कुठे नेलंस, मी विचारलं नाही. कोणी विचारू दिलं नाही. पुढच्या दोन वर्षांत ऐश्वर्या झाली आणि सगळ्यांनी ठरवलं की तीच पहिली. मीही ठरवलं. तिला आजतागायत माहीत नाही की ती दुसरी आहे.

आपल्या लहानपणी शेताच्या त्या बांधावर झाड नव्हतं. सावली नव्हती म्हणून आई छत्री उघडून भाकरी वाढायची, आठवतं? आणि नंतर मी कधीही शेतावर यायला निघाले की आई काहीतरी काम काढायची. मला वाटायचं, माहेरवाशिणीचे लाड. ते झाड तू लावलंस.

आता मी जे लिहायला बसले आहे ते लिहिते. तीन कागद फाडलेत त्यापायी.

आईच्या बाराव्याला, सगळ्या भावकीसमोर मी तुला म्हटलं होतं, "तुझ्या हातात दिलेलं काहीच राहत नाही." मला जमीन म्हणायचं होतं. देवाशपथ, जमीनच म्हणायचं होतं. तुझा चेहरा पांढरा पडला, हातातलं पान खाली ठेवून तू न जेवता उठलास. मी मनात म्हटलं, लागलं ना वर्मी, बरं झालं. अकरा वर्षं मी त्या वाक्यावर खूश होते. काय लागलं होतं ते मला परवा कळलं. भावकीतले सगळे सह्या करून मोकळे झाले होते, तू एकटा किती दिवस अडून बसणार होतास? जमीन वाचवता येत नव्हती, म्हणून तू झाडाजवळ नोकरी धरलीस. आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस, कारण मला ते सहन झालं नसतं असं तुला वाटलं. तुझं बरोबर होतं. नाही होत आहे सहन.

तू जे डोळे उघडे ठेवून, नाइलाजाने केलंस, ते मी रागाच्या भरात, सुवाच्य अक्षरात केलं.

शनिवारी तशीच अनवाणी प्रीतमच्या दारात गेले. सही मागे घेते म्हटलं. तो म्हणाला, "काकू, तुमची एक गेली तरी अकरा राहतात. आणि तुम्हीच तर लिहिलंय, विशेष महत्त्व नाही." माझंच वाक्य त्याने मला वाचून दाखवलं. मग मी त्याला सांगितलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा तोंडाने सांगितलं, तेही लिफ्टसमोर, एका परक्या माणसाला. तो वाईट नाही. आत जाऊन खुर्ची घेऊन आला. म्हणाला, "रविवारी मीटिंग आहे. लोक म्हणतील, आता कशाला काहीतरी काढताय. ज्यांनी स्वतः... म्हणजे ज्यांना नक्की माहीत आहे, त्यांनी दोन ओळी लिहून सही केली तर मी अर्ज फाडतो."

नक्की माहीत असलेला माणूस जगात एकच उरलाय. रविवारी तेवीस तारीख आहे. फोन मुद्दाम करत नाही. तू 'हां' म्हणशील आणि माझा आवाज फुटणार नाही. हे पत्र यज्ञेश उद्या स्वतः घेऊन येतोय, त्याला मी कोण ते सांगितलंय. त्याला जेवू घाल.

तुझ्याकडे सही मागायला मला तोंड नाही, हे मला कळतं. तुझ्या एका सहीवर अकरा वर्षं रुसले, आणि आता दुसरीसाठी हात पसरते. तरी पसरते. आणि रिंगणाच्या आत मी अजून गेलेले नाही. बूट काढले, दगडापर्यंत गेले, पुढे पाऊल पडलं नाही. गुडघे चालत असतील तर तू ये, म्हणजे जाईन. नसतील चालत तर मी खडवलीला येते. तू हाकलून दिलंस तरी दारात बसून राहीन.

ऐश्वर्याला रविवारच्या आधी सांगणार आहे. ती मला पहिली गोष्ट काय विचारेल, ते मी ओळखून आहे. त्या दोन ओळींसाठी प्रीतमने दिलेल्या कागदावरही पहिली ओळ तीच आहे: बाळाचं नाव. मी ती कोरी ठेवून कागद सोबत जोडला आहे. बारसं झालं नव्हतं, मी काय लिहू? पण दादा, तू गुरांशीही बोलत चालणारा माणूस. घरापासून बांधापर्यंत एवढी वाट, तिला छातीशी धरून तू मुक्याने चालला असशील, हे मला पटत नाही. कशी हाक मारलीस तिला? जी मारली असशील, तीच त्या ओळीत लिही.

तुझी बहीण, आणि आज पहिल्यांदाच कागदावर लिहितेय,
तिची आई,
हेमांगी