आर्डिसने भरलेली शेवटची पन्नास

बायसनजवळ, साउथ डकोटा
९ जून

रा. रा. मेहुणेबुवा मिलो यांस, तुमच्या बहिणीचा नवरा ऑरिन याचा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? आयडाहोत अजून थंडी असेल, तेव्हा तो सकाळी कुरकुरत असणार. डावी भुवई उगवली का? (बेचाळीस वर्षं झाली हे मला ठाऊक आहे, पण चौकशीची रीत मोडू नये.) मी बरा आहे. शेजारची विल्मा फेन्स्के दर बुधवारी बटाटे आणि खिमा घालून भाजलेलं पातेलं आणून देते, ते मी पुढच्या बुधवारपर्यंत पुरवतो. घर शांत आहे. आर्डिस गेल्याला उद्या सोळा आठवडे होतील. मोजू नये म्हणतात, पण आमच्या घरी सगळंच मोजायची सवय होती.

पत्राचं कारण असं की ती छोटी रायफल तुमच्याकडे जावी असं मनात आलं आहे. द्यायची तर तिचा खरा इतिहास सांगून द्यावी. तुम्हाला त्यातला अर्धाच माहीत आहे, आणि तो अर्धाही मी सजवून सांगितलेला.

आर्डिसच्या खांद्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाला, बंदूक विसरा. ती घरी येऊन म्हणाली, "तो डॉक्टर विसरला तरी चालेल. तू मला एखादी अशी बनवून दे, जी खांद्याला नुसती हात लावून जाईल." मी लगेच छाती काढली. गोळी वाटाण्याहून बारीक, वेग मात्र असा की माळावरच्या खारीला आवाजाआधी निरोप पोचावा. असलं काडतूस कुठली कंपनी काढत नाही, कुठल्या दुकानात मिळत नाही. दुसऱ्याच काडतुसाची पुंगळी घेऊन, तिची मान आवळून, खांदे पुढे ढकलून ते घरी घडवावं लागतं. आपले लोक याला रानमांजर म्हणतात ते उगाच नाही. ते पाळता येतं, पण त्याचं खाणं बाजारात विकत मिळत नाही.

आता कबुली. नळीच्या बुडाशी काडतूस बसायचं घर कोरायला जो रीमर लागतो, त्याची मापं मी कारागिराला पत्राने कळवली. मानेचं माप घेताना मी गोळीचा व्यास धरला, त्यात थोडी मोकळीक धरली, आणि पुंगळीच्या पितळेला स्वतःची जाडी असते एवढी एक गोष्ट पुरती धरायची राहिली. रीमर आला, मी लेथवर घर कोरलं, नळीवर सुबक अक्षरांत ".२० आर्डिस" असं नाव घातलं, मेणबत्ती लावून जेवलो, आणि दुसऱ्या दिवशी पाहतो तर काडतूस आत जाईना. तुम्ही त्या उन्हाळ्यात आलात, मान मोजलीत आणि म्हणालात, "एवढी घट्ट मान! ऑरिन, तू अचूकतेसाठी कुठल्या थराला जाशील सांगता येत नाही." मी मान डोलावली. आर्डिस तिथेच बसली होती. त्यानंतर अकरा वर्षं प्रत्येक पुंगळीची मान तिने हाताने, केसाच्या जाडीएवढी तासली. चूक माझी, फिरकी तिच्या मनगटाला. तुमच्यासमोर तिने कधी तोंड उघडलं नाही. घरात मात्र माझं कशातही चुकलं की ती नुसती मनगट चोळायची.

पुंगळ्या घराच्या मापाच्या फुगवायची रीत तुम्हीच आम्हाला शिकवलीत: थोडी बारूद, वर रवा, तोंडाला मेणाचं बूच, आणि गोळी न घालता उडवायचं. रवा आर्डिसच्या सकाळच्या खिरीचा होता. मी पहिल्याच दिवशी अख्खा डबा संपवला. गराजमध्ये बर्फ पडल्यासारखं दिसत होतं आणि माझ्या दाढीला खरपूस भाजलेल्या रव्याचा वास येत होता. ती दारात उभी राहून म्हणाली, "झालं का? आता उद्या सकाळी काय वाढू, पुंगळ्या?" तेव्हापासून घरात दोन डबे असायचे, एक खिरीचा आणि एक रायफलीचा. (या डब्यांवरून आठवलं. अंत्यविधीनंतर आठवडाभर लोकांची ये-जा होती, आणि नंतर पाहिलं तर खिरीचा डबा अर्ध्यावर आलेला. सांत्वनाला येऊन कोणी रवा नेत असेल असं वाटत नाही, पण विल्माची पातेली अलीकडे जरा घट्ट लागतात. मी बोललो काही नाही, मनात नोंद ठेवली आहे.)

आमच्यात कामाची वाटणी होती. घडवायचं मी, भरायचं तिने. मी भरू शकत नव्हतो अशातला भाग नाही. पण तिच्यासारखा काटा पाहणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. तराजूवर बारुदीचा एक दाणा जास्त पडला तर ती चिमट्याने उचलायची. प्रत्येक पुंगळीच्या बुडाला, बारूद पेटवणारी जी टोपी असते तिच्या कडेने दमट हवा शिरू नये म्हणून, नखांचं लाल पॉलिश लावायची. स्वतःच्या नखांना तिने ते लग्नातसुद्धा लावलं नव्हतं. आणि पेटीवरचं लेबल! बारुदीचं नाव, वजन, गोळी, तारीख, त्या दिवशीची थंडी आणि एकदा तर "ऑरिन शिट्टी वाजवतोय, म्हणून पाच परत तोलली" असंही लिहिलेलं आहे. ते लेबल मी जपून ठेवलं आहे.

आता ज्या गोष्टीने मला चार महिने गिळलं आहे ती सांगतो. जानेवारीत, उठून बसणंही तिला जड जात होतं तेव्हा, ती म्हणाली, मला काडतुसं भरायच्या बाकावर नेऊन बसव. मी म्हणालो, वसंतात भरू. ती म्हणाली, "एवढी एक पेटी. मग मी पडून राहते, तू म्हणशील तेवढी." तीन दुपारी ती बसली. गोळ्या बसवायच्या प्रेसचा दांडा खाली-वर होताना मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं. मला बरं वाटलं. वसंताची तयारी करते आहे म्हणजे वसंत पाहायचा तिचा विचार आहे, असा अर्थ मी लावला.

ती गेल्यावर पेटी हातात घेतली. पन्नास काडतुसं, पन्नास लाल टिकल्या, आणि लेबलावर एकच शब्द: "नेहमीचंच". बारुदीचं नाव नाही, वजन नाही. बाकावर दोन डबे उघडे होते. एक रायफलीची मंद जळणारी बारूद, दुसरी पिस्तुलाची, भसकन पेटणारी. पहिली असेल तर नेहमीचंच. दुसरी असेल तर रायफलीचे तुकडे आणि माझे त्याहून बारीक. मी एकेक काडतूस कानाशी धरून हलवलं. आत दाणे सळसळतात, पण कुठले ते सळसळण्यावरून कळत नाही.

तुमचा नियम मला पाठ आहे. शेजाऱ्याने भरलेली काडतुसं उडवून तुम्ही भुवई घालवलीत आणि त्या दिवसापासून प्रत्येकाला बजावत आलात की दुसऱ्याने भरलेलं उडवायचं नाही, आणि माणूस गेलं की त्याने भरलेलं सगळं फोडून रिकामं करायचं, कारण विचारायला आता कोणी नाही. आर्डिसची मी वर्षानुवर्षं उडवली, पण ती शेजारी असायची, विचारलं की सांगायची. आता विचारायला कोणी नाही. हे वाक्य तुमच्या तोंडून शंभरदा ऐकलं, पण ते कशाबद्दल आहे हे मला यंदा कळलं.

मी नियम पाळणारा माणूस आहे. पेटी फळीवर ठेवली आहे, तिच्याजवळ जात नाही. ती तशीच राहील, माझा हात लागणार नाही, तेव्हा काळजी नसावी.

गुडघ्याला ऊब द्या. कळावे, लोभ तर आहेच.

तुमचा,
ऑरिन

ता. क. रायफल द्यायचं वर लिहिलं ते तसं खरं नाही. खरं काम हे की तुम्ही इकडे या आणि येताना गोळी उपसायचा तो पोकळ हातोडा आणा. आमचा फुटला. नियमाप्रमाणे ती पन्नास फोडायला हवीत. तिने तीन दुपारी घालून भरलेलं मी ठोकून सांडू शकत नाही. तुम्ही तिचे थोरले भाऊ, तुम्ही करा. मी तेवढा वेळ बाहेर उभा राहीन.

ता. क. २. पाकीट चिकटवायच्या आधी सांगून टाकतो. आमचा हातोडा फुटलेला नाही. आणि परवा रविवारी चर्चनंतर मी पेटी आणि रायफल घेऊन माळावर गेलो होतो. तिने निशाणाला टांगलेली लोखंडी थाळी अजून दोनशे यार्डांवर आहे. मला एकदा तो आवाज ऐकायचा होता, मेहुणेबुवा. सुकी फळी मोडल्यासारखा तो बारीक आवाज, आणि मागून थाळीचा. काय व्हायचं ते होऊ दे, असं म्हणून मी चाप ओढला. (रागवायचं असेल तर इथे रागवून घ्या.)

टक्. एवढंच. उशिरा उडालंच तर म्हणून नळी समोर धरून मिनिटभर थांबलो, तुम्ही शिकवलंत तसं. दुसरं घातलं. टक्. घरी आणून दोन्ही हातोड्यात ठोकली. आतून रवा पडला.

दिव्याखाली बुडं पाहिली. नखाने पॉलिश खरवडलं तर टोपी आधीच उडवलेली, जुनी, तिचा खळगा लाल रंगाने भरलेला. मग उरलेली अठ्ठेचाळीस पाहिली. सगळी तशीच. रायफलीला इजा होईल असा एक दाणाही कुठे नाही. गोळी मात्र प्रत्येकीत नीट, सरळ बसवलेली, मान तासलेली. तुमचा नियम मी तिच्यासमोर बेचाळीस वर्षं मान डोलावून ऐकला, आणि मी तो मोडणार हे तिला ठाऊक होतं. बसवत नसताना तीन दुपारी ती त्याची तजवीज करत होती. आणि मी स्वयंपाकघरात बसून वसंताचा विचार करत होतो. मी माळावर गवतात बसून रडलो असतो तर बरं दिसलं असतं. मी गराजमध्ये रडलो, लेथला धरून.

ता. क. ३. हातोडा आणू नका. आणखी एक वर लिहिलेलं दुरुस्त करून घ्या: मला भरता येत नाही. कधीच येत नव्हतं. दुकानात मिळत नाही आणि भरणारी गेली, म्हणजे ती रायफल नुसती काठी आहे, आणि मी पंचाहत्तराव्या वर्षी ते शिकेन म्हणतो. तुम्ही या आणि शिकवा. लेबलावर सगळं लिहीन, थंडीसकट. पहिली मान तासताना तुम्ही माझं मनगट पाहू नका.

विल्माकडे जाऊन माफी मागून आलो. तिला कशाबद्दल ते कळलं नाही, पण तिने आत बोलावून कॉफी दिली. डब्यात उरलेला रवा आज सकाळी शिजवला. खाली लागला, पण सगळा खाल्ला.