बाळंतिणीची आळणी

आई, परवा सकाळी मी चिकनच्या दुकानात गेले आणि नुसते पाय, माना, पोटे आणि कलेजी मागितली. दुकानदार माझ्या तोंडाकडं बघतच राहिला. "आँटी, कुत्रा पाळला का?" म्हणाला. माझी अशी तळपायाची आग मस्तकात गेली! म्हटलं, "कुत्र्याला नाही हो, लेकीला पाहिजे. बाळंतीण आहे." तो एकदम वरमला. "अरे वा, मुबारक हो," म्हणाला आणि दोन पोटे जास्तीचे टाकले. मुबारक कशाचं, हे त्याला काय सांगणार होते? पिशवी घेतली आणि रिक्षा मिळेपर्यंत लातूरच्या त्या भर बाजारात तोंड फिरवून उभी राहिले.

तुझी नात हैदराबादहून आली आहे. तू गेलीस तेव्हा दुसरीत होती ती, तुझ्या मांडीवर बसून पाढे म्हणायची. आता पोटुशी होती, आठवा महिना लागला होता. बाळ पोटातच गेलं. जावई आणून सोडून गेले. बिचारे जाताना चपला घालता घालता रडले. पोर मात्र रडत नाही. भिंतीकडं तोंड करून पडलेली असते. चहा ठेवला तर दोन घोट, पोळी ठेवली तर तशीच. हाक मारली की "हं" म्हणते, बस्स. मला भीती वाटते, आई, सरळच सांगते. डोळ्यांदेखत पोर हातातून निसटून चालली आहे आणि मी आपली दारात उभी राहून "काही खातेस का गं" एवढंच विचारत राहते.

तेव्हा मुदखेडचं आपलं क्वार्टर आठवलं. पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी आलेले. नांदेडच्या दवाखान्यात नऊ महिने भरलेली मुलगी झाली, पण रडलीच नाही. रिकाम्या हातानं घरी आले. दुसऱ्या दिवशी दूध आलं. लेकीला आता डॉक्टरांनी दूध सुकायची गोळी दिली, पण तेव्हा तू तुझं जुनं लुगडं फाडून माझी छाती करकचून बांधली होतीस. मी ओरडत होते, तू बांधत होतीस, आणि दोघींनाही बाहेर ऐकू जाईल याचं भान नव्हतं.

तू स्टोजवळ पाटावर बसलेली दिसतेस. कोंबडीचे पाय जाळावर धरून साल ओढून काढतेस. पोटा चिरून आतली खडी झटकतेस, पिवळी साल एका ओढीत सुटी करतेस. हळद, आलं, ठेचलेला लसूण, एक कांदा आणि पातेलंभर पाणी, तिखट नाही, ही तुझी आळणी. फेस आला की पळीनं काढायचा, पुन्हा आला की पुन्हा काढायचा. आत्याला मात्र हे बघवेना. बाबांची बहीण ती, तिचं कुणाला काही पटायचंच नाही. म्हणाली, "वहिनी, लेकरू न्हाई तर हे बाळंतिणीचं खानं कशाला? लोक काय म्हनतील?" तू मान वर केली नाहीस. "लोकाला काय म्हनायचं ते म्हनू द्या. बाळ न्हाई म्हनून काय ती बाळंतीण न्हाई व्हय? हाडं तर तिचीच झिजलीत ना?"

आणि मी काय केलं? तू वाटी तोंडाशी आणलीस तर हातानं उडवली. गरम आळणी गोधडीवर, तुझ्या पायावर. तू पाय पुसलास. "अन्नावर कशाला राग काढतीस? माझ्यावर काढ," एवढंच बोललीस, आणि आत जाऊन दुसरी वाटी भरून आणलीस. "घे गं माय. मटन जड पडतंय, हे पानी अंगात मुरतंय. घे." मी प्याले. रोज प्याले. आठवडाभरानं त्याच पाण्याला तू काळं तिखट आणि भाजलेलं खोबरं लावून, वर मूठभर येसराचं भाजलेलं पीठ टाकून दाट रस्सा केलास. त्यात ज्वारीची भाकरी चुरून मी जेवले, आणि मग मला आंघोळ करावीशी वाटली. तेवढ्यावरून तू ओळखलंस, पोर वाचली. शेजारणीला सांगताना मी ऐकलं होतं.

तर परवा मीही करायला बसले, आणि मूर्खासारखं सगळं एकदम कुकरात घालून शिट्ट्या दिल्या. पाणी गढूळ, कलेजीची माती. तू सांगायचीस, कलेजी नाजूक, ती शेवटी टाकायची. रिटायर होईपर्यंत शाळेत पोरांना शिस्त शिकवली आणि मला एवढा धीर निघाला नाही. ते सगळं ओतून दिलं, काल पुन्हा दुकानात गेले, आळणी पातेल्यात मंद आचेवर ठेवली आणि बाजूला खुर्ची टाकून फेस काढत बसले. घरभर तो वास पसरला. हे बाहेर पेपर वाचत होते, त्यांनी पेपर खाली ठेवला. आम्ही दोघांनी त्या पहिल्या मुलीचा विषय घरात कधी काढलाच नाही.

वाटी घेऊन गेले. लेक भिंतीकडं तोंड ठेवूनच म्हणाली, "मम्मी, हे बाळंतिणीला देतात ना? मग मला कशाला? बाळ कुठंय?"

जन्मभर शुद्ध मराठी शिकवलेल्या माझ्या तोंडातून तुझीच बोली बाहेर पडली. "बाळ न्हाई म्हनून काय तू बाळंतीण न्हाई व्हय?"

ती वळली. किती दिवसांनी तिचं तोंड सरळ बघितलं मी. "हे असं कोण बोलायचं?" म्हणाली. मग मी सांगितलं. नांदेड, मुदखेड, तू, आत्या, सगळं. वाटी गार झाली, पुन्हा गरम करून आणली. सांगता सांगता मीच हुंदके द्यायला लागले तशी ती उठून बसली आणि वाटी हातात घेतली. अर्धी प्याली. अर्धीच, पण प्याली. आणि मग रडली, आई. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून, लहानपणी रडायची तशी मोठ्यानं. रडता रडता तिनं विचारलं, "ताईचं नाव काय ठेवलं होतंस?"

ताई म्हणाली ती. त्या लेकराला कुणीतरी नात्यानं हाक मारली.

बारसं कुठलं होणार होतं? पण नाव मी ठेवलं होतं. नर्सनं एकदाच दाखवलं होतं तिला, कपाळ हुबेहूब तुझं होतं, दुसरं काही सुचलंच नाही. यांनाही आजवर सांगितलं नव्हतं. लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "हे तर आजीचं नाव आहे."

हे तुझ्या तोंडावर मी कधी बोलू शकले नसते. पत्र पोचणार नाही म्हणून लिहिते. तू धडधाकट हिंडत होतीस आणि मी गेलेल्या लेकराला तुझं नाव दिलं. तुला अपशकुन होईल म्हणून गप्प राहिले. पुढं तू आजारी पडलीस, तेव्हा डॉक्टर काही का म्हणेनात, मला वाटलं, हे माझ्यामुळंच. अजून वाटतं.