आपल्याकडे काय नाही

सोमवार, ६ फेब्रुवारी १९८४
आलो एकदाचे बोरीवलीला! लालबागच्या एका खोलीतून थेट दोन खोल्या, गॅलरी आणि घरातलं संडास-बाथरूम. आमचे हे तर नळच उघडून बघत बसले. चेअरमन अनंतकाका स्वतः चहा घेऊन आले. सोसायटीचा एकच नियम, म्हणाले: दर रविवारी प्रत्येक बिऱ्हाडानं कागदावर लिहून द्यायचं, आपल्याकडे काय नाही. एकाकडे जे नाही ते मग कुणीच ठेवायचं नाही. हेवादावा नाही, भांडण नाही. मला हसूच आलं.

सोमवार, १३ फेब्रुवारी
काल गंमत म्हणून ‘टीव्ही नाही’ असं लिहून दिलं. आज सकाळी सोळा टीव्ही जिन्यानं उतरले आणि टेम्पोत चढले. कुणी कुरकुरलंसुद्धा नाही. एवढा मान मला माहेरीही मिळाला नव्हता.

बुधवार, २२ फेब्रुवारी
शेजारच्या अनुपमाला चार वर्षांची मुलगी आहे, माणिक. रोज सकाळी गॅलरीत बसून तिच्या वेण्या घालते, मला दिसेल अशा बेतानं. मुद्दाम! माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली. डॉक्टर झाले, नवस झाले. भिंतीपलीकडून ती पोर ‘आई’ म्हणून हाक मारते आणि मी हातातलं काम टाकून ऐकत बसते. आज अनुपमा म्हणते कशी, तुझं बरं आहे गं सुनंदा, झोप तरी पुरी होते. जळते मी तिच्यावर. जळतेच.

सोमवार, २७ फेब्रुवारी
काल लिहिलं. ‘मूल नाही.’ खोटं थोडंच होतं?
आज टेम्पो आला. अकरा मुलं चढली, सहलीला निघाल्यासारखी. आया गॅलरीतून हात हलवत होत्या. टेम्पो नॅशनल पार्कच्या बाजूला गेला. दुपारी रिकामा परत आला.

शनिवार, ३ मार्च
कुणी रडत नाही. ह्यांनी विचारलं, तर अनंतकाका म्हणाले, कुठली मुलं? अनुपमा उसनी साखर परत द्यायला आली. हसून म्हणाली, आता आपण सारख्या. मला तिच्याकडे बघवेना. पण खरं लिहिते— तिची गॅलरी रिकामी दिसली की बरं वाटतं.

बुधवार, २ मे
मला दिवस गेलेत, दोन महिने झालेत, डॉक्टर म्हणाले. नऊ वर्षांनी! हे दवाखान्यातच रडले. घरी येताना दोघांनाही एकदमच तो रविवारचा कागद आठवला.
कुणाला कळू द्यायचं नाही. उलटी आली की नळ सोडते.

शुक्रवार, ४ मे
दाराशी बशी. कैरीच्या फोडी, तिखटमीठ लावलेल्या. बशी अनुपमाची.
तिला ऐकू जातं— सगळं—

रविवार, ६ मे
जिन्यात भेटली. काय लिहून दिलं ते तिनंच सांगितलं, आवाज न चढवता. तिच्या जागी मी असते तर— होतेच की.

सोमवार, ७ मे
मुलुंडला नणंदेकडे पळायचं. हे रिक्षा आणायला गेलेत. तास झाला—
खाली हॉर्न. जिन्यात बायका. बेल.
उघडलं नाही. त्यांच्याकडे किल्ली आहे—
अनुपमा शेजारी बसलीय. पाठीवरून हात फिरवतेय. म्हणते, चल गं, सगळ्या थांबल्यात. म्हटलं, एवढं एक वाक्य लिहू दे. हे मूल माझं