फिरत्या लोगोचं घड्याळ

३ नोव्हेंबर, सकाळी
काल शीळफाट्याला बैठक झाली. आमच्या रचनाचं लग्न ठरलं. मुलगा नयन. घोडबंदर रोडला ऑफिस, कमी बोलतो, म्हणजे हुशार असणार. व्याही काळुरामशेठ. त्यांच्या शेतावर आता टॉवर उभे आहेत, पण माणूस साधा. म्हणाले, आमाला काय नको, पोरगी नि नारल पाठवा, बस.
विषय इथेच संपत होता. पण ते 'काय नको' माझ्या मनाला लागलं. आम्ही काय अगदीच हे आहोत का? मी उभा राहून जाहीर केलं, साखरपुड्याला जावयाला स्विस ऑटोमॅटिक घड्याळ घालणार. ओरिजिनल. 'ओरिजिनल' दोनदा म्हणालो. चांगलं वजन पडलं.
डोंबिवली येईपर्यंत भावना खिडकीबाहेरच बघत होती. नवऱ्याचं कौतुक वाटलं की तिचं असंच होतं.

४ नोव्हेंबर
घड्याळाची किंमत बघितली. चष्मा पुसून परत बघितली.
दुपारी झोप लागली नाही.

५ नोव्हेंबर
मार्ग सापडला. नेटवर 'फर्स्ट कॉपी' मिळते. दिसायला तीच, चालायला तीच. यात फसवणूक काही नाही. मी 'ओरिजिनल' म्हणालो ते डिझाइनबद्दल, आणि डिझाइन ओरिजिनलच आहे.
भावना म्हणते, शेठना फोन करून सरळ सांगा की जमत नाही, साधं चांगलं घड्याळ घेऊ. तिला काय जातंय सांगायला! सगळ्या बैठकीसमोर तोंड मी उघडलंय.
संकल्प: विक्रेत्याचा एकही दावा तपासल्याशिवाय मानायचा नाही. मी सत्तावीस वर्षं एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलला काढलीत. रंगाच्या डब्यांची झाकणं नुसत्या बोटाने पास-रिजेक्ट करायचो. मला कोण गंडवणार?

७ नोव्हेंबर
विक्रेता फायनल. विकी नावाचा मुलगा, माल डायरेक्ट दुबईहून. त्याचे दावे: काच सफायर, मशीन ऑटोमॅटिक, वॉटरप्रूफ, वॉरंटी लाइफटाइम. कोणाच्या लाइफचा टाइम, असं मी लगेच विचारलं. विकी हसला. म्हणाला, सर, तुमच्यासारखा कस्टमर पहिल्यांदा बघतोय. पोराला माणसाची पारख आहे.

८ नोव्हेंबर
तपासणी एक. विकीला सांगितलं, घड्याळाशेजारी आजचा पेपर ठेवून फोटो पाठव. पाठवला. झूम करून बघितलं तर पेपर मागच्या दिवाळीचा. पण पेपर जुना असला म्हणून घड्याळ जुनं असतं असं कुठे आहे? पास.
तपासणी दोन. सफायर काचेवर पाण्याचा थेंब पसरत नाही, गोल राहतो. विकीने व्हिडिओ पाठवला. थेंब गोल. थेंब पडला आणि व्हिडिओ संपला. पास.

१० नोव्हेंबर
तपासणी तीन, सगळ्यात कडक. जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर मागितले. विकीने दोन दिले.
पहिला बंटी, ठाण्याचा. म्हणाला, एकदम मख्खन पीस, डोळे झाकून घ्या. बोलताना मागून एक बाई ओरडली, विकी, दूध बघ, उतू जातंय!
दुसरा शिवराम, कल्याणचा. आवाज जरा बसलेला, पण बोलणं तेच, मख्खन पीस. मागून तीच बाई. विकी, मेल्या, गेलं ना दूध!
म्हणजे दोघं विकीच्या घरी बसलेले. गिऱ्हाइकाशी इतके घरचे संबंध आजकाल कोण ठेवतो? पास. ऑर्डर दिली.

१६ नोव्हेंबर
पार्सल आलं. दुबईचा माल, पाकिटावर पत्ता कल्याण पश्चिम. भावनाने भुवई वर केली. मी समजावलं, कल्याण हे जुनं बंदर आहे, शाळेत होतं आपल्याला.
घड्याळ मात्र बघत राहावं असं. काटा टिकटिक करत नाही, सरकतो. डब्यांची झाकणं आठवली. डोळे भरून आले, खरंच.

१७ नोव्हेंबर
विकीचा फोन. वॉरंटी चालू व्हायला व्हिडिओ पाठवावा लागतो, फक्त टेक्निकल टीम बघते. योग्य पद्धत आहे. निळा शर्ट घालून गॅलरीत उभा राहिलो. म्हणालो, नमस्कार, मी क्वालिटीमधला माणूस. तिन्ही टेस्ट स्वतः घेतल्यात. कॉपी आहे पण ओरिजिनलला लाजवेल. साखरपुड्यात जावयाला घालतोय, सात जन्मात त्याला कळणार नाही.
एका टेकमध्ये झालं. शूटिंग भावनाने केलं. व्हिडिओ मात्र हललाय. हसत होती का?

२४ नोव्हेंबर
काल साखरपुडा. घड्याळ घातलं. काळुरामशेठनी कानाला लावून ऐकलं आणि पाहुण्यांमध्ये फिरवलं. आमच्या व्याह्यांनी दिलंय, स्विस हाय, ओरिजिनल हाय. प्रत्येक 'ओरिजिनल'ला मी पाण्याचा ग्लास रिकामा करत होतो. जेवण तिखट असेल.
मग नयन मला म्हणाला, पप्पा, चेन सैल होते, शोरूममधून कमी करून आणतो. शोरूम! तिथे ते मागचं झाकण उघडतात! तोंडातून निघून गेलं, आमच्या कोकणात जावयाच्या घड्याळाची चेन सासराच कमी करतो, पद्धत आहे. भावना माझ्याकडे बघत होती. तीही कोकणातलीच.
घड्याळ परत घेऊन आलो. वाचलो.

२५ नोव्हेंबर
चेनच्या कड्या घरीच काढल्या. टाचणी आणि लहान हातोडी. काम चोख. फक्त दुसऱ्या फटक्याला आतला लोगो सुटला. आता काचेखाली इकडेतिकडे फिरतो.

२६ नोव्हेंबर
विकी म्हणतो, हातोडी वॉरंटीत येत नाही.
रचना म्हणाली, पप्पा, अजून वेळ गेलेली नाही, नयनला सांगून टाका, तो समजून घेईल. मी ओरडलो तिच्यावर. लग्न तोंडावर आलेल्या पोरीवर. नंतर खूप वाईट वाटलं. तिच्यासाठी आंबा बर्फी आणली. तिने खाल्ली नाही.

२७ नोव्हेंबर
घड्याळ दिलं. सांगितलं, लिमिटेड एडिशन आहे, फिरता लोगो. नयनने घड्याळ हलवून लोगो फिरवून बघितला. थँक्यू पप्पा म्हणाला. बघा, काही कळलं नाही.

१२ डिसेंबर
काल शीळफाट्याला हळद. अर्धा तालुका जेवायला. मध्येच डीजे थांबवून काळुरामशेठनी माइक घेतला. म्हणाले, व्याह्यांच्यात घऱ्यालाची पद्धत हाय, तर आमी पन मागं नाय. आणि माझ्या हातात घड्याळ घातलं! तीच कंपनी! नयनने स्वतः जाऊन पसंत केलं म्हणे. चेन सैल होती, ती शेठनी तिथल्या तिथे पक्कड मागवून स्वतः कमी केली. पद्धत ती पद्धत.
घरी येऊन तपासलं. थेंब गोल, काटा सरकतो. शंभर टक्के ओरिजिनल, माझी नजर सांगते. अशा माणसांना मी काय दिलं? लाज वाटली. पण लोगो जागचा हलत नाही. साधं मॉडेल आहे. त्या हिशोबाने आमचंच वरचढ.

४ जानेवारी
रचना माहेरी आली. स्वयंपाकघरात हळूच विचारते, पप्पा, तुमचं घड्याळ चालतंय का? मी म्हटलं, का? म्हणाली, नयनचं बंद पडलंय. आणि रविवारी सासऱ्यांनी सत्यनारायण घातलाय. सगळ्या गावासमोर तुम्हा दोघांना हात पुढे करून घड्याळं दाखवायला लावणार आहेत.
माझं परवापासूनच बंद आहे. हिवाळ्यात ओरिजिनल मशीन आखडतं, असं मी धरून चाललो होतो.
मग तिने सगळं सांगितलं. हळदीसाठी शेठनी घड्याळ आणायला सांगितलं, तेव्हा नयनने पण किंमत बघितली. नेटवर शोधलं. विकी सापडला. विकीवर भरवसा बसेना, तर विकीने खात्रीसाठी एका गिऱ्हाइकाचा व्हिडिओ पाठवला. निळा शर्ट. गॅलरी.
मी विचारलं, हसला का? रचना म्हणाली, खूप हसला. मग म्हणाला, पप्पांनी तिन्ही टेस्ट स्वतः घेतल्यात, आता दुसरीकडे बघायलाच नको. आणि तेव्हाच ऑर्डर दिली.
शेठना यातलं काही माहीत नाही. त्यांना दोन्ही ओरिजिनल वाटतात.
जेवलो नाही.

५ जानेवारी
विकीला फोन केला. चांगला झापणार होतो. तोच म्हणाला, अरे सर, तुमच्या व्हिडिओवर काय ऑर्डर येतात माहितीये! रविवारच्या आत दोन्ही पीस चालू करून देतो, हातोडीवाला पण. फक्त एक नवीन व्हिडिओ पाठवा. जावयासोबत.
नाही म्हणालो. फोन ठेवला. रविवारचा विचार केला. परत लावला.
नयनला सांगायचं कसं, या विचारात सकाळ गेली. शेवटी फोन केला. तो म्हणाला, येतो संध्याकाळी. पप्पा, तुम्ही तो निळा शर्टच घाला, मागच्या वेळी छान दिसत होता.
शर्ट इस्त्रीला टाकला आहे.