राहून गेलेली एक ओळ

नाशिक रोड,
रविवार, ३ एप्रिल २००५

ती. यादवदादा,

नमस्कार. तुम्ही बरे असाल. मीनावहिनींनाही माझा नमस्कार, पण आधी हे पत्र तुम्ही पुरतं वाचा, मग सांगा.

ऑफिसात सगळं जिथल्या तिथे आहे. सर्व्हर रूमचा एसी पुन्हा गळतोय. तुमच्या खुर्चीवर आलेला इंजिनिअर राउटरला हात लावण्याआधी माझ्याकडे बघतो, इतकी मी मोठी झालेय! तुम्ही गेलात त्याच महिन्यात मला कायम केलं. अभिनंदन मात्र करू नका.

फेब्रुवारीतला तो सोमवार डोक्यातून जात नाही. आपली जुनी इंटरनेट लाइन कुठल्याशा खोदकामात तुटली. आपण शनिवारीच जोडलेल्या नव्या लाइनवर सगळं आपसूक जायला हवं होतं. गेलं नाही. द्राक्षवाल्यांचे निर्यातीचे कागद चार तास अडकले, ग्राहक बिथरले आणि साहेबांनी कामाचं रजिस्टर मागवलं. शनिवारच्या नोंदीखाली तुमची सही. तुम्हाला काढलं, वर पत्रात ‘निष्काळजीपणा’ असं लिहून दिलं.

नंतर मी बीजीपीचं, म्हणजे राउटर एकमेकांना मार्ग कसे सांगतात त्याचं, ते जाडजूड पुस्तक घरी नेऊन पुन्हा वाचलं. नव्या लाइनचे मार्ग आपल्या कडेच्या राउटरला मिळाले होते. त्याने ते आतल्या राउटरला सांगितलेही. पण पुढचा टप्पा म्हणून पलीकडच्या कंपनीचा पत्ता जसाच्या तसा दिला, आणि आतल्याला तो पत्ताच ठाऊक नव्हता. आमच्या नामपूरच्या शेतकऱ्याला मुंबईच्या कुणा न पाहिलेल्या व्यापाऱ्याचं नाव सांगून कांदा तिकडे पाठव म्हणण्यासारखं. ओळखीचा आडत्या ‘माझ्याकडे उतरव, पुढचं मी बघतो’ म्हणाला तरच त्याची गाडी हलते. कडेच्या राउटरला तेवढं म्हणायला लावणारी एक ओळ टाकायची राहिली. तपासणीही त्याच राउटरवर बसून झाली, आणि तिथून सगळं झकास चालत होतं.

कोणाकडून राहिली, ते अजून लिहीत नाहीये बघा.

माझ्याकडून. ट्रेनीने राउटरला हात लावायचा नाही असा नियम होता. तुम्ही म्हणालात, “नुसतं बघून किती दिवस शिकशील? बस खुर्चीवर, सही मी करतो.” निघताना बजावलंत, आतल्या राउटरवरूनही तपास. मला नामपूरची बस गाठायची होती. तुमचा फोन आला तेव्हा मी “हो, तपासलं” म्हणून खोटं सांगितलं.

साहेबांपुढे तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत. मी दाराशीच फाइल धरून उभी होते. फाइल टेबलावर ठेवली आणि माझ्या जागेवर परत गेले. दादा, त्याची मला लाज वाटते.

परवा पंचवटीत भाजी घेताना वहिनी भेटल्या. पुण्यात दोन ठिकाणी ते पत्र वाचूनच तुम्हाला परत पाठवलं आणि आता तुम्ही एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात ठेकेदाराकडे कोळशाच्या पट्ट्यावर कामाला जाता, हे त्यांच्याकडून कळलं. “यांच्या हातून चूक झाली गं, पण तू टिकून राहा,” म्हणाल्या आणि मेथीची जुडी माझ्या पिशवीत कोंबली. म्हणजे घरीसुद्धा सांगितलं नाहीत! मला तुमचा राग आला. माझा तर त्याहून जास्त.

रात्री नामपूरला वडिलांना, आबांना फोन केला. ते आपल्या अहिराणीत एवढंच म्हणाले, “चूक तुनी शे ना? मंग सांगी दे.”

काल साहेबांना सगळं सांगितलं. “झालं गेलं, कशाला उकरतेस? नोकरी घालवशील,” म्हणाले. मी रजिस्टर उघडलं. त्या शनिवारच्या नोंदीशेजारी माझं नाव, राहिलेली ओळ आणि फोनवरचं खोटं उत्तर लिहून कालच्या तारखेने सही केली. मला घरी बसवलं आहे. बसेन. तुमचं पत्र ते बदलून देतील असं दिसत नाही, म्हणून त्या पानाची झेरॉक्स सोबत आहे. पुढच्या मुलाखतीला ती दाखवा. कोणी शंका घेतलीच तर मला बोलवा, मी समोर येऊन सांगेन.

आता हे पत्र वहिनींना वाचून दाखवा. त्यांच्यापासून काही लपवायचं नाही, ही माझी अट समजा. पुढच्या रविवारी मी तुमच्या दारात येणार आहे. त्यांनी आत घेतलं नाही तर बाहेरूनच नमस्कार करून परत जाईन.

इतके दिवस पत्राखाली ‘तुमची धाकटी बहीण’ असं लिहीत आले. आज तो शब्द लिहायचा की नाही, हे वहिनींच्या हाती ठेवते.

नुसतीच,
रोशनी खंडेराव अहिरराव