आधी नाडी, मग नाव

भिंगार
७ डिसेंबर २०२५

ती. बनुआत्यास निकिताचा नमस्कार.

गुडघा कसा आहे? तेल चोळतेस ना, की बाटली नुसती कपाटात ठेवलीयस? मेथीचे लाडू पोचले. इकडे थंडी मरणाची, निम्मे मीच संपवले. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. चष्मा लावून तूच वाच, दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस.

परवा फोनवर तू आवाजाचं विचारलंस, मी सर्दी म्हणाले. सर्दीबिर्दी काही नव्हती.

सुप्याकडं एका गोदामात कागद नसलेली परदेशी माणसं कोंडून ठेवलीयत, परत पाठवेपर्यंत. आमचा दवाखाना चालवणाऱ्या संस्थेकडून मी आठवड्यातून दोनदा औषधं घेऊन जाते. एकोणीस जण आहेत. खोकला, खरूज, जुलाब. सगळे हात पुढे करतात, एक तमन्ना सोडून. सातवा महिना आहे, पाय सुजलेत, डोकं धरून बसते. बीपी बघायला गेले की भिंतीकडं तोंड करते. अशी सूज आणि डोकेदुखी बघितली नाही तर झटके येऊन आई-बाळ दोघं जातात, तुला काय सांगायचं.

ती मला ओळखते, आत्या. जूनमध्ये आमच्या दवाखान्यात आली होती, हसरी पोर. मी केसपेपर काढला. नाव, वय, मूळ गाव. गावापाशी ती अडखळली. मी म्हटलं, घाबरू नको, हे फक्त औषधासाठी. तेव्हा तिनं सरहद्दीपलीकडचं खरं गाव सांगितलं आणि मी ते रजिस्टरातही लिहिलं. सप्टेंबरात पोलिसांचे एक साहेब आले, रजिस्टर मागितलं. हातात हुकूम नव्हता की चिठ्ठी नव्हती. कुणी हिसकावलं नाही गं. मी त्यांना चहा केला आणि रजिस्टर दिलं. त्यावरूनच तिला उचललं. साहेबाला नाही म्हणायची सवयच नाही आपल्या जिभेला.

तू बेलापुरात घरोघरी बाळंतपणं केलीस. म्हणायचीस, "आदी नाडी, मग नाव. आन् गाव तर इचारूच न्हाई." मी नर्सिंग शिकलेली, तुला हसायचे. आता माझीच लाज वाटते.

काल तिच्याजवळ बसून म्हटलं, काही लिहिणार नाही, फक्त हात दे. ती म्हणाली, "दुसऱ्या कुणाला तरी पाठवा."

येत्या शनिवारी ये. न विचारताच परवानगीत तुझं नाव घातलंय, रागावू नकोस. तुझे हात तेवढे आण. मी तुझी कोण, हे तिला सांगू नकोस. मी दाराबाहेर पिशवी धरून उभी राहीन. बाहेर आलीस की बीपीचा आकडा तेवढा सांग. तिचं बाकी सगळं मी कधीच लिहून बसलेय.

तुझी,
नको तिथं सुंदर अक्षर काढणारी,
निकिता