हंसाबाईचा चष्मा

बोरी अरब, ता. दारव्हा
२३ नोव्हेंबर २००३

चि. प्रेरणा हिस,

आईचा जय भीम आणि पुष्कळ आशीर्वाद. प्रफुल्लरावांना जय भीम, पिल्लूला पापा. इकडे सर्व खुशाल, तुमची खुशाली कळत राहो.

तुझं पत्र मिळालं. प्रफुल्लरावांना सुरतेला काम लागलं, हे वाचून बरं वाटलं. इकडे कापसाची अशी गत, जिनिंगही अर्धं वर्ष बंद, तेव्हा जातात ते बरंच करतात. तू विचारलंस की आई, खरं सांग, तब्येत कशी आहे. तू बरी असशील तर आम्ही पुढच्या महिन्यात निघतो, मग वर्षभर येणं होणार नाही. उत्तराला उशीर झाला, वेचणीचे दिवस आहेत. अक्षर मोठं दिसेल, नवा पेन जाड निघाला.

मी देवरावांच्या वावरात कापूस वेचायला जाते. बोंडं यंदा बारीक आहेत. परवा देवराव म्हणाले, "इंदूबाई, तुमच्या ओटीत पाचोळा लय येऊन राह्यला. पह्यले कसा साफ कापूस असे तुमचा!" मी म्हटलं, "वारं हाय ना भाऊ." वारं नव्हतं.

एक गंमत सांगते. मागच्या आठवड्यात दीपा नावाची मुलगी घरी आली. यवतमाळच्या कॉलेजात शिकते. म्हणाली, आजी, आम्ही लोकांची तब्येत मोजतो. चिठ्ठी काढल्यासारखी गावातली काही घरं निघाली, त्यात तुमचं निघालं. मी विचारलं, "मंग काटा कुठं हाय तुहा?" तर ती हसली. म्हणाली, काटा नाही, प्रश्न आहेत.

ओट्यावर बसून तिनं विचारायला सुरुवात केली. शेजारची ममता पण येऊन बसली. चालताना त्रास होतो का, खाली बसून उठताना होतो का, दूरचा माणूस ओळखताना, जवळचं वाचताना. उत्तरं तिनंच दिलेली होती : काहीच नाही, थोडा, मध्यम, भारी, अतिशय. त्यातलं एक आपण निवडायचं. मी सगळ्याला "काहीच नाही" म्हटलं. ममता म्हणे, "काकू, लगनाचा फारम भरून राह्यल्या का तुमी? एक तरी खोट सांगा ना!"

मग त्या मुलीनं माणसांच्या गोष्टी वाचल्या. एकाचे गुडघे, एकाची झोप. त्याला किती त्रास आहे, ते आपण सांगायचं. मग म्हणाली, "हंसाबाई नावाची बाई आहे. रस्त्यापलीकडचं माणूस तिला आवाजावरून ओळखावं लागतं. धान्य निवडताना खडा हाताला लागला तरच समजतो. कागदावर अक्षरं आहेत हे दिसतं, पण कोणतं अक्षर ते लागत नाही. हिला किती त्रास आहे?"

"भारी," मी लगेच म्हटलं. "कोन्त्या गावची हाय ही? हिले पोरगी नाही का कोनी?"

मुलगी काही बोलायच्या आत मी उठले. फळीवरची पत्र्याची डबी काढली. त्यात तुझ्या बाबांचा चष्मा असतो, तुला ठाऊक आहे. ते गेल्यापासून मी त्यानंच वाचत होते. फडक्यात गुंडाळून तिच्या हातात दिला. "तिच्या गावाले जाशीन तं दे. मले आता यानं काही दिसत नाही, तिले दिसत असीन तं पाह्य."

ममता खो खो हसली. "अवं काकू, थे गोष्टीतली बाई हाय! तिले चष्मा धाडता का तुमी?" मग तिचं हसणं मध्येच थांबलं.

दीपानं चष्मा मांडीवर ठेवला. हळू सांगू लागली. "आजी, हंसाबाई कुठंच नाही. पण हीच गोष्ट आम्ही सगळीकडे वाचतो, दुसऱ्या देशांतही. एकाचा 'थोडा' तो दुसऱ्याचा 'भारी' असतो ना. सगळे हंसाबाईला कुठं बसवतात ते पाहिलं, की ज्याचं त्याचं माप समजतं."

"मंग माह्यं काय समजलं?"

ती म्हणाली, "हंसाबाईला भारी. तुम्हाला काहीच नाही."

मी म्हटलं, खोडून टाक. म्हणाली, गोष्ट ऐकल्यावर आधीचं उत्तर बदलता येत नाही, तसा नियम आहे. तिच्या कागदावर तुझी आई धडधाकट आहे आणि तशीच राहणार. जाताना मात्र तिनं विचारलं, दुसरं काही करू का? मी म्हटलं, एवढं पत्र वाचून दे.

ते तुझं पत्र होतं. बाबासाहेबांच्या फोटोमागे तसंच पडून होतं. ममताला वाचता येत नाही आणि दुसऱ्या कोणाकडे घेऊन जायची मला लाज वाटली. जी बाई दुकानाच्या पुड्यांचे कागद वाचून वाचून अक्षर शिकली, तिनं पत्र वाचून घ्यायला दारोदार फिरायचं कसं? ह्या पावसाळ्यात वर्षावासाला विहारात ग्रंथवाचन माझ्याकडेच होतं. मी पाठ होतं ते म्हणत गेले आणि अंदाजानं पान उलटत गेले. कोणाला समजलं नाही.

दीपा तुझं पत्र वाचत होती. "आई, बाबांसारखं 'काही नाही' लिहू नकोस. मी त्या 'काही नाही'वर विश्वास ठेवला होता." तिथं ती पोर थांबली. ममतानं तिला पाणी दिलं.

तुझे बाबा खोटं बोलणारे नव्हते गं. दिग्रसच्या जिनिंगमधली रुई छातीत बसली होती, तरी कोणी विचारलं की हात हलवून 'काही नाही' म्हणायचे. आपल्यामुळे कोणाला घोर नको, एवढंच. मलाही तेच वाटतं. तुझं बस्तान बसायचं आहे, त्यात मी एक ओझं कशाला? पण तू दूर बसून माझं पत्र वाचशील, आणि त्यात मी नसेन, तर ते पत्र कशाचं?

म्हणून दीपाचे प्रश्न आता तूच विचारलेस असं समजून सांगते. चालायला काहीच नाही. गुडघे थोडे. जेवते, झोपते. डोळे भारी. उजवा तर अतिशय. हे पत्र तीन सकाळी ओट्यावर उन्हात बसून लिहिलं, पेन नेहमीचाच आहे. वर खुशाल लिहिलं ते सवयीनं लिहिलं गेलं, खोडत नाही.

सुरतेला जरूर जा. पण जायच्या आधी ये, आणि मला यवतमाळला डोळ्याच्या डॉक्टरकडे घेऊन चल. ममता म्हणते मी नेते, पण मला तू हवी आहेस.

चष्मा दीपानं परत दिला. डबीत आहे.

येशील तेव्हा अंगणातूनच "आई" म्हणून हाक दे, मग पुढं ये. अनोळखी समजून मी तुला "कोन हाय?" म्हणावं, असं व्हायला नको.

तुझी आई
इंदू